मागून येतोच

"हे झाले," सिस्टर म्हणाली आणि पुढे सरकली. "हे अजून नाहीत. हे झाले. आजोबा, डोळे मिटून बसा, मघाशीच सांगितलं ना." बाकावर ओळीने माणसं बसलेली, सगळ्यांच्या डोळ्यांत थेंब घातलेले, सगळ्यांच्या हनुवट्या किंचित वर, न्हाव्यापुढे बसल्यासारख्या. ती एकेकाची पापणी अंगठ्याने उचलत होती, आत टॉर्च मारत होती. बाहुली पुरेशी मोठी झाली असली तर माणूस आतल्या खोलीत, नसली तर आणखी एक थेंब. त्यात वाईट काहीच नव्हतं. हात हलका होता तिचा. पण तो आवाज. माणसांबद्दल बोलताना आवाज असा होत नाही, भाजी निवडताना होतो, चांगली इकडे, किडकी तिकडे, हात चालू आणि मन भलतीकडे. मिटल्या डोळ्यांआड तो ताठ झाला. हा आवाज कुठे ऐकलाय ते त्याला चटकन आठवेना. मग आठवलं. ऐकला नव्हता. काढला होता.

"बाबा, थंडी वाजतेय का?" शेजारून सून म्हणाली.

"नाही."

"मग बोटं कशाला पुसताय विजारीला?"

"सवय आहे."

"ही कधीपासून?" ती हसली आणि पुन्हा फोनमध्ये गेली. तिच्या अंगठ्याची टिचटिच त्याला ऐकू येत राहिली.

बोटं पुसायची सवय जुनी. प्रत्येक तोंडानंतर पुसायची. ओल्या फडक्याचा बोळा ओठांवर ठेवायचा, वाट पाहायची, उचलायचा, बोटं पुसायची, पुढे. हे कोणी शिकवलं नव्हतं. लष्करात पुष्कळ शिकवलं, पट्टी कुठे आवळायची, कुठे आवळायची नाही, स्ट्रेचर उचलताना पुढच्याने डावा पाय टाकला तर मागच्याने उजवाच का टाकायचा. पण बोळ्याचं त्याने स्वतःचं स्वतः आणलं होतं, घरून, गोठ्यातून. भरतीच्या टेबलामागच्या कारकुनाने वर न बघता विचारलं होतं, काय करतोस? शेती. रक्त बघून चक्कर येते? "गाय अडली की खांद्यापर्यंत हात घालतो साहेब, चक्कर यायला सवड नसते." मागच्या रांगेत हशा पिकला. कारकून हसला नाही, त्याने शिक्का मारला. वैद्यकीय पथक. बंदुकीऐवजी स्ट्रेचर. त्याला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोला. लढाईवर जायचं आणि कोणाला मारायचं नाही, उलट उचलून आणायचं, परत आल्यावर कोणापुढे मान खाली घालावी लागणार नाही असं काम नेमकं आपल्या वाट्याला आलं, म्हणून तो रस्ताभर शीळ घालत घरी गेला होता. बायको दारात उभी होती. "मला मारायचं कामच नाही," त्याने लांबूनच सांगितलं.

तंबू धान्याच्या कोठारासारखा लांबलचक होता. एका टोकाला पडदा, पडद्यामागे दोन टेबलं, तिथे मोठे डॉक्टर. गाडी आली की जखमी उतरवायचे आणि जमिनीवर ओळीने ठेवायचे, आणि मग प्रश्न पडायचा, आधी कोणाला? जो ओरडतो त्याला, असं सुरुवातीला सगळ्यांना वाटायचं, आणि गप्प पडलेले गप्पच जायचे. तेव्हा त्याने गोठ्यातली रीत लावली. जनावर मरायला टेकलं की पाण्याकडून तोंड फिरवतं. बापाची रीत, आजाची रीत. बादली पुढे केली आणि जनावराने मान वळवली की घरातला कर्ता उठायचा आणि औषधाची बाटली फडताळात परत ठेवून द्यायचा, कोणी काही बोलायचं नाही. पोटात जखम असेल तर पाणी पाजायचं नाही हे पथकात शिकवलेलं, म्हणून बादलीच्या जागी बोळा. जो बोळा ओठांनी ओढतो, ओढत नसला तरी नुसते ओठ हलवतो, तो पडद्याकडे. जो तोंड फिरवतो तो कनातीकडे, म्हणजे तंबूच्या कापडी भिंतीला लागून, अंगावर घोंगडी, दुखू नये म्हणून एक सुई, बस्स. मोठ्या डॉक्टरांनी एकदा मागे उभं राहून हे पाहिलं. हातमोजे माखलेले, दोन्ही हात छातीपाशी वर धरलेले. कुठे शिकलास हे? गोठ्यात, साहेब. त्यांनी ओळीवरून एकदा नजर फिरवली. मग म्हणाले, "बरं. तू पुढे हो. आधी तू बघ. मी मागून येतोच."

मी मागून येतोच.

गाडी आली की पडद्याआडून हाच आवाज यायचा, नांगऱ्या, हो पुढे, मी मागून येतोच. नांगऱ्या हे नाव त्यांनीच पाडलेलं, मग सगळं पथक तेच म्हणायला लागलं. आणि तो पुढे व्हायचा, पाठीवर कोणाचा तरी तळहात असल्यासारखा. आपण निवडत नाही, आपण नुसतं आधी बघतो. निवडणारा मागून येतोय. शिकलेला माणूस आहे, आपलं कुठे चुकलं असेल तर तो कनातीपाशी वाकेल, नाडी धरेल, म्हणेल, छे, याला आत घ्या. ते वाकलेले त्याने कधी पाहिले नव्हते, कारण तोवर तो पुढच्या गाडीकडे गेलेला असायचा. बघायची गरज काय. शेतात पुढचा माणूस नांगराचं तास धरून चालतो, मागचा बी टाकत येतो. पुढच्याने मागे वळून बघितलं तर तास वाकडं जातं. तर तो मागे बघायचा नाही. आणि इतरांना झोप लागायची नाही तेव्हा त्याला लागायची, चांगली गाढ लागायची, हे त्याने बायकोलाही नंतर सांगितलं होतं, की पथकात सगळे तळमळत पडायचे आणि मी मात्र

"नांगऱ्या?"

हाक बाहेरून आली होती. त्याने डोळे उघडले आणि सगळं पांढरं झालं, विरघळलेलं, कशालाच कडा नाही. दोन चकाकणारी चाकं, त्यांच्यामध्ये बसलेला एक माणूस, चेहऱ्याच्या जागी डाग. खुर्ची ढकलणारी बाई म्हणत होती, "सर, अहो दुसरे कोणीतरी असतील."

"दुसरा कसला. कान बघ त्याचे. म्हातारपणात चेहरा जातो, कान वाढतच राहतात. नांगऱ्या, अरे ऊठ. बरं, नको उठूस, मलाच कुठे उठता येतंय."

तो उठला. टाचा आपोआप जुळल्या. आवाज तोच होता, थोडा खरखरीत झालेला, पण पडद्याआडून यायचा तसाच, बोलणारा माणूस दिसत नसतानाचा. त्याने वाकून हात शोधला, सापडला, कोरडा, हलका, पक्ष्याच्या पायासारखा. आनंद झाला. हे त्याने नंतर टॅक्सीत परत परत तपासून पाहिलं: त्या क्षणी आनंदच झाला होता, निर्भेळ, आणि मनात आलं होतं की घरी गेल्यावर बायकोला सांगायचं, साहेब भेटले गं.

"सिस्टर, इकडे ये जरा," साहेब म्हणाले. "टॉर्च घेऊन तू जे करतेस ना, ते हा फडकं घेऊन करायचा. हसू नकोस. ढिगाने माणसं यायची आमच्याकडे. टेबलं दोन. डॉक्टर कोण, तर मी आणि एक पोरगा, त्याने त्याआधी गळवांपलीकडे काही कापलं नव्हतं. आणि पुढे हा. शेतकरी माणूस. ओळीतून चालत जायचा, वाकायचा आणि सांगायचा. हा, हा, हा नाही. आणि सांगतो तुला, याने ज्याला कनातीकडे ठेवलं त्याच्याकडे मी परत वळून पाहिलं नाही. एकदाही नाही. गरजच पडली नाही."

बाकावरून कोणीतरी डोळे मिटूनच "वा" म्हणालं. सुनेने त्याचा दंड धरला. तिच्या बोटांतून अभिमान येत होता, गरम गरम.

म्हाताऱ्यांची आठवण गेलीय, त्याला वाटलं. वय झालं, दोन गोष्टी एकात एक मिसळतात. चारचौघांत त्यांना कमीपणा येऊ नये अशा बेताने तो हळू म्हणाला, "साहेब, तुम्ही मागून यायचात."

"कुठे?"

"कनातीकडे. मी बघून गेलो की. तुम्ही म्हणायचात ना, मी मागून येतोच."

"म्हणायचो की." साहेब हसले, मोकळं, खोकल्यापर्यंत जाणारं हसले. "नाहीतर तू केलं असतंस का ते काम? हातपाय गळाले असते तुझे. कुठून येणार होतो मी मागून? टेबलावरून मान वर केली असती तर टेबलावरचा गेला असता. तुला काहीतरी टेकू द्यायला हवा होता, दिला. लढाईभर पुरला बघ." आणि त्यांनी त्याच्या मनगटावर थोपटलं. "आणि कधी चुकला नाहीस, गड्या."

मग खुर्ची आत गेली. मग त्याचा नंबर आला. आत एका तरुण डॉक्टरीणबाईने त्याची हनुवटी एका लोखंडी कमानीत ठेवायला लावली आणि डोळ्यात उजेड सोडला, वर बघा, खाली बघा, माझ्या कानाकडे बघा, आणि म्हणाली, मोतीबिंदू तयार आहे, काढून टाकू, घाबरायचं काही नाही. तो म्हणाला, बरं. तिने विचारलं, आणखी काही त्रास? तो म्हणाला, कधी चुकलो नाही हे त्यांना कसं कळलं? "कोणाला?" बाई म्हणाली. "काही नाही," तो म्हणाला.

पण कसं कळलं? ते टॅक्सीत बसले होते आणि बाहुल्या अजून ताणलेल्या होत्या, दुपारचा सगळा उजेड आडकाठीशिवाय आत येत होता, मोटारींच्या टपांवरून, दुकानांच्या काचांवरून, कुणाच्या तरी पांढऱ्या सदऱ्यावरून, पापण्या मिटल्या तरी येत होता. कनातीकडे ठेवलेले सगळे गेले, म्हणून नांगऱ्या चुकला नाही. ते गेले कारण ते जाणारच होते. की ते गेले कारण कनातीकडे ठेवले होते, घोंगडी, एक सुई, बस्स? दोन्हीत शेवट तोच, मग पुसणार कोणाला? ज्यांना पुसायचं ते सगळे एकाच बाजूला. गंमत अशी की साहेबांवर चिडायलाही जागा नव्हती. ते खरंच टेबलावर होते. त्यांनी मान वर केली असती तर खरंच टेबलावरचा गेला असता. त्यांचं बरोबरच होतं, आणि बरोबर असलेल्या माणसाने फसवलं की हात कुठे धरायचा तेच कळत नाही. दगाबाज माणूस निदान तोंड लपवतो. हे थोपटत होते. सगळं आयुष्य, शेत विकलं, शहरात आलो, मुलगा शिकला, ही सून आली, त्या सगळ्याखाली एक माणूस कनातीपाशी वाकलेला होता, हातमोजे काढून नाडी धरत होता, मान हलवत होता, नाही, याच्यात काही राहिलं नाही, नांगऱ्याचं बरोबर आहे. तो माणूस नव्हताच. त्याच्या जागी कोण होतं? कोणी नव्हतं. घोंगड्या होत्या.

"बाबा, तुम्ही कधी बोलला नाहीत हे," सून म्हणाली. "मला वाटायचं तुम्ही नुसते स्ट्रेचर उचलायचात."

"तेच उचलायचो."

"तेच काय. एवढा मोठा डॉक्टर सांगतोय. मी तर आईंना सांगणार आहे घरी गेल्या गेल्या."

"नको."

"का?"

"तिला लढाईचं नको वाटतं."

"अहो, पण हे चांगलं आहे ना. यात कोणी मेलं नाहीये." ती स्वतःच थांबली. "म्हणजे, तसं मेले असतील. पण तुमचं कौतुक आहे हे."

"नको सांगू," तो म्हणाला, आणि ती "बरं बाई, नाही सांगत" म्हणाली. त्या सुरात बायका हे म्हणतात तेव्हा सांगणार असतात.

तिला मेहुण्याबद्दल माहीत नव्हतं. सुनेच्या लेखी तो भिंतीवरचा एक फोटो होता, आईंचा धाकटा भाऊ, लढाईत गेलेला, कपाळ मोठं, डोळे मिश्कील. मेहुणा. लग्नात ज्याने याची चप्पल लपवली आणि नंतर स्वतःच विसरला की कुठे, आणि नवरदेव अनवाणी घरी आला. नंतरही सारखा येऊन राहायचा, बहिणीकडे कमी आणि गोठ्याकडे जास्त. गाईला जुळी वासरं झाली, एक धट्टंकट्टं आणि एक पायावर उभं राहीना, तर मेहुणा म्हणाला हे लुळं माझं, आणि औषध आणायला म्हणून तालुक्याला गेला. दूध दोघांना पुरेल इतकं नव्हतं. लुळ्याच्या तोंडापुढे वाटी धरली, त्याने मान वळवली. म्हणून याने सगळं दूध धट्ट्याला दिलं. मेहुणा बाटल्या घेऊन परत आला तेव्हा गोठ्यात एकच वासरू होतं. "जगलं असतं ते," तो म्हणाला. "नसतं," हा म्हणाला. "तुम्हाला काय माहीत, दाजी? तुम्ही पाजलंच नाहीत." हे बोलताना तो ओरडला नव्हता. बाटल्या ओट्यावर नीट ओळीने मांडल्या, आणि बहिणीच्या देखत म्हणाला की आजपासून तुमच्या हातचं पाणीसुद्धा घेणार नाही. पोराटकीचा राग, चार दिवसांत जाईल, असं बायको म्हणाली. चार दिवसांत लढाई सुरू झाली.

तंबूपाशी सकाळची गाडी आली होती. याचा कितीतरी जणांपुढे बोळा धरून झाला होता, आणि हा एकापुढे वाकला. चेहरा मातीने लिंपलेला, पण ओळख पटायला चेहरा लागत नाही, खांदे पुरतात. मेहुणा पायदळात होता, कुठे आहे ते घरी कोणालाच माहीत नव्हतं, आणि तो इथे होता, मांडीपासून खाली सगळं बांधलेलं आणि बांधलेलं सगळं भिजलेलं. हाताने सवयीने बोळा ओठांवर ठेवला. मेहुण्याने डोळे उघडले. पाहिलं. मग मान वळवली, हळू, कनातीकडे.

हळू. याने तो क्षण पुढे कित्येकदा थांबवून पाहिला होता. मरणारं जनावर मान वळवतं ती अशीच वळवतं. आणि रागावलेला माणूस वळवतो तीही अशीच. दोन्ही गोष्टी त्याच्या मनात आल्या होत्या, तिथेच, वाकलेला असतानाच आल्या होत्या, त्याबद्दल त्याने स्वतःला कधी फसवलं नव्हतं. पण त्यांच्या पाठोपाठ तिसरी आली होती. आपला माणूस आहे. आपण याचं काही ठरवू नये. आपला म्हणून पुढे रेटला तर दुसऱ्या कोणाची तरी पाळी जाईल, आणि माझ्या हातचं तो घेणार नाही म्हणतो तर माझ्या हाताने ठरायलाच नको. साहेब मागून येतायत. ते परके आहेत, त्यांच्याशी याचं भांडण नाही, ते बरोबर बघतील. एवढं झाल्यावर त्याला हलकं वाटलं होतं. न्यायाने वागलो असं वाटलं होतं. त्याने आणि पलीकडच्या गड्याने स्ट्रेचर उचललं, डावा पाय, उजवा पाय, आणि कनातीपाशी ठेवलं. घोंगडी गळ्यापर्यंत नीट घातली. मग पुढची गाडी आली होती. परतून पाहिलं तेव्हा कोणीतरी घोंगडी वर ओढलेली होती, डोक्यावरून. साहेबांनीच ओढली असणार, असं तो धरून चालला. म्हणजे बघून गेले.

परत आल्यावर बायकोने एकच विचारलं होतं, त्याला कोणी पाहिलं का? "मोठ्या डॉक्टरांनी स्वतः पाहिलं," तो म्हणाला. त्याला ते खरं वाटत होतं. "करण्यासारखं काही राहिलं नव्हतं." आणि तिला बरं वाटावं म्हणून वर जोडलं, मला नंतर कळलं, शुद्धच नव्हती त्याला. हे जोडलेलं तेवढं खोटं होतं, आणि ते खऱ्याच्या आधाराने उभं होतं, म्हणून टोचायचं नाही. बायको त्या वाक्यावर जगली. आई गेली तिची, तेव्हा आईच्या कानाशी तिने तेच सांगितलं. शेजारणी कधी हळहळल्या, एवढ्याशा वयात, कोणी आपलं जवळ नसताना, तर ती लगेच म्हणायची, छे हो, मोठ्या डॉक्टरांनी पाहिलं होतं त्याला, स्वतः. असं म्हणायची, की जणू त्या तंबूत एक खुर्ची होती, आणि तिच्यावर ती

"उतरा बाबा. पायरी आहे. अजून दिसत नाहीये ना?"

दार उघडंच होतं. बायको पुढच्या खोलीत वाळलेल्या चादरींच्या ढिगाशी उभी होती. "आलात? धरा हे," म्हणून तिने न बघताच चादरीची दोन टोकं त्याच्या हातात दिली. ते रोज असंच घड्या घालायचे. मध्ये लांब पांढरं कापड, पलीकडे ती, त्याला नुसता तिचा रंग दिसत होता, निळसर. ताणा, ती म्हणाली. त्याने ताणलं. "काय म्हणाला डॉक्टर?"

"मोतीबिंदू आहे. काढायचाय."

"ते सोडा, आई," सून चपला काढता काढता म्हणाली. "बाबा नको म्हणतायत, पण मी सांगणार. कोण भेटलं माहितेय? बाबांचे लढाईतले मोठे डॉक्टर. चाकाच्या खुर्चीत. बाबांना कानांवरून ओळखलं."

"अगबाई," बायको म्हणाली. कापड सैल पडलं. "आहेत का अजून ते? कसे आहेत? मला का नाही घेऊन गेलात? मला पाया पडायचं होतं त्यांच्या."

"अहो, ऐका तर. सगळ्यांसमोर म्हणाले, याच्यासारखा डोळा कोणाचा नाही. कोण वाचणार, कोण नाही, हे बाबा ठरवायचे. आणि बाबांनी ज्याला बाजूला ठेवलं त्याच्याकडे म्हणे त्यांनी कधी परत पाहिलंसुद्धा नाही, इतका विश्वास. अख्खी ओपीडी ऐकत होती."

चादर दुसऱ्या टोकाला थांबली. ओढ नाही, ढील नाही. त्याला तिचा चेहरा दिसत नव्हता आणि त्याने दिसायचा प्रयत्नही केला नाही.

"थेंब राहिले आणायचे," सून म्हणाली. तिला काही कळलं नव्हतं, की थोडंसं कळलं होतं. "मी खालच्या मेडिकलमधून घेऊन येते." दार लागलं.

बायको चादर हातात घेऊन त्याच्याकडे चालत आली, घडी घालायला येतात तशी, टोकाला टोक. जवळ आल्यावर थांबली. "तेच डॉक्टर?"

"तेच."

"मग त्याला कोणी पाहिलं?"

"मी."

"तुम्ही होतात तिथे."

"होतो."

"मला म्हणालात की नंतर कळलं."

"हो."

"शुद्ध नव्हती म्हणालात."

त्याने चादरीची टोकं एकावर एक जुळवली. मग बोलला. "बोळा ओठांवर ठेवला तर तोंड फिरवलं त्याने."

"डोळे मिटलेले होते?"

"नाही. बघितलं माझ्याकडे. मग फिरवलं."

तिने चादरीची टोकं त्याच्या हातांतून काढून घेतली. बाजूला ठेवली नाहीत, तशीच छातीशी धरली. "वासरावरून," ती म्हणाली. विचारत नव्हती. "माझ्या भावाला मी ओळखत नाही का? चार-चार दिवस माझ्याशी बोलायचा नाही तो, केसांची रिबीन घेतली म्हणून." तिने चादरीचं टोक मुठीत घेतलं. "रुसायला शुद्ध लागते हो. रुसायला जीव लागतो अंगात."

आणि मग त्याचं तोंड सुटलं. त्याला स्वतःलाच ठाऊक नव्हतं की एवढं आत आहे. "मला वाटलं साहेब येतायत," तो म्हणाला. "रोज म्हणायचे, प्रत्येक गाडीला म्हणायचे, तू पुढे हो, मी मागून येतोच. सगळ्या पथकाने ऐकलंय. मी कशाला ठरवीन? मी अडाणी माणूस, मला कुठे काय कळतंय? मी फक्त आधी बघायचो. त्यांनी बघायचं होतं, त्यांचं काम होतं ते, डॉक्टर ते होते. आणि आज म्हणतात, टेकू दिला. हसत होते, तुला सांगतो, हसत होते. जन्मभर मला वाटत आलं की ते वाकले असतील त्याच्याजवळ, त्याचा हात धरला असेल. माझ्या डोळ्यांपुढे आहे ते, अजून आहे. आणि कोणी नव्हतंच. फसवलं मला त्यांनी. साधंसुधं नाही फसवलं. माझ्या हातून करून घेतलं, आणि मला कळूही दिलं नाही की ते मी करतोय. असं करतात का कोणी? जनावराच्या डोळ्यांना झापड बांधतात ना, तसं," आणि तो बोलत राहिला, साहेबांचे हातमोजे, पडदा, साहेबांचा आवाज, साहेब असते तर, साहेब आले असते तर, गाल ओले झाले होते, थेंबांनी की कशाने, आणि ती ऐकत होती. तो दमून थांबला तेव्हा ती भिंतीशी ठेवलेल्या खुर्चीवर बसली, चादर मांडीवर घेऊन.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

"काय?"

"सगळं. गाडी आली तिथपासून."

"आत्ता सांगितलं की."

"हो. आता डॉक्टरांना मध्ये न आणता सांगा."

त्याने तिच्याकडे पाहिलं. निळसर रंगाला हळूहळू कडा येत होत्या, आधी खांदे, मग हात. त्याने तोंड उघडलं. पहिलं वाक्य सोपं होतं.

"सकाळी गाडी आली," तो म्हणाला. "आम्ही माणसं उतरवली. मी पुढे झालो."

यापुढे नेहमी एक वाक्य असायचं. ते त्याच्या जिभेवर येऊन बसलं होतं, तयार, गुळगुळीत झालेलं. ते त्याने गिळलं, आणि पुढे काय बोलायचं असतं ते त्याला सुचेना.

"मग?" ती म्हणाली.

"मागे कोणी नव्हतं."

"मग?"